रक्ताच्या कल्चरची पहिली स्लाइड: वाचताना होणाऱ्या चुका आणि न पोचणारी दुरुस्ती

निळीगुलाबी (धागाकर्ती)

नागपुरातल्या एका लॅबमध्ये मी मायक्रोबायॉलॉजीचं काम बघते. रक्ताच्या कल्चरची बाटली पॉझिटिव्ह आली की जी पहिली स्लाइड बघितली जाते, ती वाचताना होणाऱ्या चुकांबद्दल इथे सविस्तर लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे चूक लक्षात आल्यावर ती दुरुस्ती पेशंटच्या खाटेपर्यंत पोचतच नाही. स्लाइड चुकण्यापेक्षा मला हे जास्त घातक वाटतं.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. ताप उतरत नाही, बीपी पडलंय, जंतू रक्तात गेल्याची शंका आहे, अशा पेशंटचं रक्त खास बाटल्यांत घेतात. मोठ्या माणसाचं एका बाटलीत आठ ते दहा मिली. या बाटल्या मशीनमध्ये साधारण ३५ ते ३७ अंशांवर पाच दिवसांपर्यंत राहतात. आत जंतू वाढले की कार्बन डायऑक्साइड तयार होतो, बुडाशी असलेला सेन्सर तो ओळखतो आणि मशीन इशारा देतं. मग टेक्निशियन बाटलीतून थेंब काढून काचेवर पसरतो, ग्राम स्टेन (जंतू रंगवायची पद्धत) करतो आणि तेलाच्या लेन्सखाली हजार पट मोठं करून बघतो. जांभळे दिसले तर ग्राम पॉझिटिव्ह, गुलाबी दिसले तर ग्राम निगेटिव्ह. गोल की दांडीसारखे, पुंजक्यात की साखळीत की जोडीने, हेही बघायचं. बाटली वाजल्यापासून तासाभरात हे डॉक्टरांना फोनवर कळवावं अशी अपेक्षा असते.

जंतूचं नाव आणि कोणतं औषध चालेल हे कळायला त्यानंतर आणखी एक-दोन दिवस जातात. मधल्या काळात उपचार चालतात ते या स्लाइडवरून सांगितलेल्या चार शब्दांवर.

चूक होण्याचं पहिलं ठिकाण म्हणजे डीकलरायझर, रंग उतरवणारं द्रावण. क्रिस्टल व्हायोलेट आणि आयोडीन लावल्यावर सगळेच जंतू जांभळे होतात. त्यावर ॲसिटोन-अल्कोहोल ओतलं की ग्राम निगेटिव्हचं बाहेरचं चरबीयुक्त आवरण विरघळतं आणि रंग निघून जातो, मग शेवटी लावलेल्या गुलाबी रंगाने ते गुलाबी दिसतात. ग्राम पॉझिटिव्हची भिंत जाड असते, ती आकसते आणि रंग आतच अडकतो. फक्त ॲसिटोन असेल तर हा सगळा खेळ दोन-तीन सेकंदांचा. हात थोडा रेंगाळला तर जांभळे जंतू गुलाबी होतात, हात लवकर उचलला किंवा थर जाड राहिला तर गुलाबी जंतू जांभळे राहतात. आणि बाटलीतल्या रक्ताचा थर जाड होतोच. त्यात लाल पेशींचे तुकडे असतात, प्लेटलेट्स असतात, प्रथिनांचा गुलाबी गाळ असतो. जुन्या क्रिस्टल व्हायोलेटचे कण तर हुबेहूब गोल जंतूंसारखे दिसतात.

पण सगळा दोष हातावर टाकणं बरोबर नाही. काही जंतू मुळातच फसवे आहेत, आणि आपल्याकडच्या आयसीयूंमध्ये त्यातला पहिला मान ॲसिनेटोबॅक्टरचा. हा ग्राम निगेटिव्ह. पण रंग सहजासहजी सोडत नाही, आणि बाटलीत वाढून वाढून इतका आखूड होतो की गोल वाटतो. जोडीजोडीने बसलेले जांभळे गोल दाणे पाहून कुणीही 'ग्राम पॉझिटिव्ह कोकाय' (कोकाय म्हणजे गोल जंतू) म्हणेल. मग पुढे काय होतं बघा. वॉर्डमध्ये ग्राम पॉझिटिव्हवरचं औषध, व्हॅन्कोमायसिन, सुरू होतं. व्हॅन्कोमायसिनचा रेणू मोठा, ग्राम निगेटिव्हचं बाहेरचं आवरण ओलांडून तो आत जाऊच शकत नाही. म्हणजे पेशंटला औषध मिळतंय असं फाइलमध्ये दिसतं, आणि जंतूवर त्याचा काडीचा परिणाम होत नाही. एकाच बाटलीत आले म्हणून 'त्वचेवरचे असतील, कंटॅमिनेशन आहे' असं ठरलं तर तेवढंही औषध मिळत नाही.

अशा वेळी स्लाइडच्या बाहेर बघायची सवय उपयोगी पडते. ॲसिनेटोबॅक्टरला ऑक्सिजन लागतोच, त्यामुळे तो एरोबिक बाटलीतच वाढतो. त्वचेवर राहणारा गोल जंतू स्टॅफिलोकोकस असता तर बहुतेक वेळा ॲनएरोबिक, म्हणजे ऑक्सिजन नसलेली, बाटलीही वाजली असती. पेशंट व्हेंटिलेटरवर आहे, फक्त एरोबिक बाटली पॉझिटिव्ह आहे आणि स्लाइडमध्ये जाडसर जांभळ्या जोड्या आहेत, एवढं जुळलं की मी रिपोर्ट फोनवर सांगण्याआधी दुसरी स्लाइड करायला लावते. अडचण अशी की खर्च वाचवायला आपल्याकडे अनेक ठिकाणी ॲनएरोबिक बाटली घेतलीच जात नाही, मग हा धागादोराही हातात नसतो.

उलट दिशेने फसवणारे बॅसिलस आणि क्लॉस्ट्रिडियम. हे दोन्ही ग्राम पॉझिटिव्ह, पण भिंत लवकर कमजोर होते आणि गुलाबी दिसतात. लिस्टेरिया आखूड दांडीचा असतो. त्याला कुणी 'डिफ्थेरॉइड' (त्वचेवरचे, सहसा निरुपद्रवी दांडीसारखे जंतू) म्हणून कंटॅमिनेशनच्या खात्यात टाकतं, कुणी साखळीतला कोकस समजतं. तो सेफॅलोस्पोरिन गटातल्या औषधांना दाद देत नाही, त्याला ॲम्पिसिलिन लागतं. नवजात बाळ किंवा गरोदर बाई असेल तर ही चूक फार महागात पडते.

आणि न्यूमोनियाचा जंतू, न्यूमोकोकस. याबद्दल विदर्भात तरी जास्त बोललं गेलं पाहिजे. आपल्याकडे सिकलसेलचे पेशंट खूप. त्यांची प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते आणि न्यूमोकोकससारख्या जंतूंपुढे शरीर उघडं पडतं. न्यूमोकोकस स्वतःच स्वतःला विरघळवतो. बाटली वाजल्यानंतर ती तासन्‌तास तशीच मशीनमध्ये राहिली तर भिंती फुटलेले, गुलाबी पडलेले, विस्कटलेले दाणे दिसतात. कधी नुसती सावलीच दिसते. गडचिरोली-गोंदियाकडून आलेल्या सिकलसेलच्या लेकराच्या बाबतीत ही स्लाइड वेळेत आणि नीट वाचली जाणं किती गरजेचं आहे ते वेगळं सांगायला नको.

आता मूळ मुद्दा. स्लाइडबरोबरच बाटलीतला थेंब अगारच्या प्लेटवरही जंतू वाढवायला लावतात. सकाळी ती प्लेट उघडल्यावर चूक बहुतेक वेळा कळतेच. रात्री 'ग्राम पॉझिटिव्ह कोकाय' सांगितलेलं असतं आणि सकाळी मॅकॉन्की अगारवर वाढ दिसते. मॅकॉन्कीवर सहसा ग्राम निगेटिव्हच वाढतात. मग स्लाइड पुन्हा काढून बघतात, संगणकात रिपोर्ट बदलतात. झालं. पहिला रिपोर्ट फोनवर गेला होता, नर्सने केस पेपरवर लिहिला होता, रेसिडेंटने त्यावर औषध लिहिलं होतं. दुरुस्ती मात्र संगणकात जाऊन बसते. ती कुणी उघडून बघेपर्यंत पेशंट रात्रीच्याच शब्दांवर चालतो.

तुमच्याकडे काय होतं? लॅबवाले, डॉक्टर, नातेवाईक, सगळ्यांनीच लिहा.

रातपाळीवाला

मॅडम, तुमी लिहिलं ते शंभर टक्के खरं आहे. पण रातचं चित्र बी सांगतो जी. आमच्याकडं रातपाळीले एकच माणूस असते. त्यालेच सीबीसी पाहा लागते, इलेक्ट्रोलाइट पाहा लागते, क्रॉसमॅच आलं तं ते बी. त्यात बाटली वाजते. स्लाइड केली, वाळाले ठेवली, तितक्यात कॅज्युअल्टीचा फोन येते. घाईघाईत ओली स्लाइड बर्नरवर धरली का मंग पेशी फुटतात, काहीचं काही दिसते. ज्याले हिमॅटॉलॉजीची, म्हंजे रक्तपेशी पाहाची, सवय आहे त्याले ग्राम स्टेन कधीमधीच कराले भेटते. त्याचा हात कसा बसन?

दुसरं, आपल्या नागपूरचा उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते. एसी फक्त मशीनच्या खोलीत. स्टेनिंगचा सिंक मागच्या पॅसेजमध्ये. तिथं आयोडीनची बाटली ठेवली तं रंग उडून फिक्की पिवळी होते. फिक्कं आयोडीन रंगाले धरून नाई ठेवत, मंग पॉझिटिव्ह जंतू बी गुलाबी येतात आन्‌ आपण म्हणतो डीकलराइज जास्त झालं. ॲसिटोनच्या बाटलीचं झाकण उघडं राहिलं तं ॲसिटोन उडून जाते, खाली राहते ते वेगळंच मिश्रण. कालच्या सेकंदाचा हिशोब आज चालत नाई. मी तं आता आयोडीन लहान अंबर बाटलीत काढून घेतो, मोठी बाटली आत थंड्या खोलीत.

थर जाड होते म्हणाल तं, एक थेंब टाकून दुसऱ्या काचेनं पसरवा, जसा पेरिफेरल स्मिअर करतो तसा. हिमॅटॉलॉजीवाल्याले हे चांगलं जमते. पातळ कडेले पाहा, मधात पाहू नका.

सावनेरची_सून

मी लॅबमधली नाही, नातेवाईक आहे. सासूबाईंना लघवीच्या इन्फेक्शनमधून सेप्सिस झालं होतं. एका खासगी दवाखान्यात होत्या, नाव लिहीत नाही. रात्री डॉक्टरांनी सांगितलं की रक्तात ग्राम पॉझिटिव्ह जंतू सापडलेत, त्याचं इंजेक्शन सुरू केलंय. आम्ही निश्चिंत झालो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ताप तसाच, गुंगी वाढलेली. डिस्चार्जच्या वेळी फाइल हातात आली तेव्हा त्यात छापील रिपोर्ट होता: ग्राम निगेटिव्ह बॅसिलाय, ई. कोलाय. छापलेली वेळ सकाळची. म्हणजे सकाळीच लॅबला कळलं होतं आणि औषध बदललं ते रात्री!

आई वाचल्या, देवाची कृपा. पण मी कुणाला विचारायला गेले तर प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं. लॅब म्हणे आम्ही सिस्टीममध्ये टाकलं. वॉर्ड म्हणे आम्हाला फोन नाही आला. मला भांडायचं नाही हो. नातेवाइकांनी काय विचारायला हवं एवढंच सांगा. आम्हाला तर जांभळं-गुलाबी हेही आज पहिल्यांदा कळलं.

निळीगुलाबी

@सावनेरची_सून, ताई, सासूबाई सुखरूप आहेत हे वाचून बरं वाटलं. तुमच्या प्रतिसादातली 'छापलेली वेळ सकाळची' ही ओळ मी आमच्या टेक्निशियनांना वाचून दाखवणार आहे.

तुम्ही विचारू शकता असे प्रश्न साधे आहेत. कल्चरचा आलेला रिपोर्ट प्राथमिक आहे की अंतिम? सकाळी प्लेटवर काय वाढलं, तो रिपोर्ट आला का? रात्री सांगितलं होतं त्याच्याशी तो जुळतो का? हे विचारणं म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणं नव्हे. राउंडच्या वेळी शांतपणे विचारलं तर चांगला डॉक्टर तिथेच लॅबला फोन लावतो.

रिपोर्ट बदलला असेल तर नव्या कागदावर तसं स्पष्ट लिहिलेलं असायला हवं. आयएसओ १५१८९ या वैद्यकीय लॅबसाठीच्या मानकात, ज्यावर आपल्याकडे एनएबीएल ही संस्था लॅबना मान्यता देते, सुधारित रिपोर्ट सुधारित म्हणून ओळखू यावा आणि त्यात मूळ रिपोर्टचा उल्लेख असावा अशी अट आहे. जुना रिपोर्ट पुसून त्याच जागी नवा टाकणं नियमात बसत नाही.

@रातपाळीवाला, भाऊ, पसरवण्याची पद्धत पटली. एक भर घालते: शक्य असेल तिथे आचेऐवजी मिथेनॉलने फिक्स करा. लाल पेशी फुटत नाहीत, मागचा गाळ कमी होतो. आणि ओली स्लाइड बर्नरवर धरायची वेळच येऊ नये म्हणून तिला पंख्याखाली पाच मिनिटं द्या, फोन कितीही वाजू दे.

अतिदक्षता

आयसीयूच्या बाजूने थोडा विरोधी सूर लावतो. मॅडम, तुमचा मुद्दा मान्य, पण आम्हाला लॅबकडून ठाम उत्तर हवं असतं. सेप्टिक शॉकमध्ये योग्य अँटिबायोटिक द्यायला होणारा प्रत्येक तासाचा उशीर जीवावर बेततो. रात्री दोनला फोन येतो आणि पलीकडून 'ग्राम व्हेरिएबल आहे, कोकोबॅसिलाय असू शकतात, सकाळी बघू' असं ना धड जांभळं ना धड गुलाबी उत्तर ऐकू आलं तर माझा रेसिडेंट त्याचं काय करणार? अशी भाषा अनेकदा लॅब स्वतःला वाचवण्यासाठी वापरते असा माझा अनुभव आहे.

दुसरं म्हणजे कंटॅमिनेशन. पॉझिटिव्ह बाटल्यांपैकी कितीतरी त्वचेवरच्या स्टॅफच्या असतात. घेतलेल्या एकूण कल्चरपैकी तीन टक्क्यांच्या आत ते प्रमाण राहावं असं म्हणतात. रक्त घेताना क्लोरहेक्सिडिन सुकू न देता सुई टोचली, बाटलीचं रबर पुसलंच नाही, सेंट्रल लाइनमधून रक्त ओढलं, तर ते कुठल्या कुठे जातं. याचा दोष आमच्याकडे आहे, लॅबकडे नाही. पण त्यामुळे 'ग्राम पॉझिटिव्ह कोकाय' ऐकलं की अर्ध्या वेळा आम्ही मनातल्या मनात ते खोडून टाकतो. त्या खोडण्यात तुमचा ॲसिनेटोबॅक्टर निसटतो.

निळीगुलाबी

@अतिदक्षता, सर, शेवटचं वाक्य फार मोलाचं आहे. चुकीची स्लाइड आणि वॉर्डमधली सवय एकत्र आली की पेशंट दोन्हीकडून दुर्लक्षित राहतो.

पण 'ठाम उत्तर हवं' याला माझा विरोध आहे. स्लाइडमध्ये शंका असेल आणि आम्ही ती लपवून दोन शब्दांत उत्तर दिलं, तर तुमच्या हातात खोटा ठामपणा येतो. त्यावर तुम्ही ग्राम निगेटिव्हवरचं औषध बंद करून टाकाल. त्यापेक्षा फोनवर असं सांगायला हवं: 'जांभळ्या जोड्या दिसताहेत, पण ॲसिनेटोबॅक्टर असू शकतो, ग्राम निगेटिव्हचं औषध बंद करू नका, पुन्हा स्टेन करून तासाभरात कळवतो.' यात रेसिडेंटने काय करायचं ते स्पष्ट आहे. नुसतं 'व्हेरिएबल' म्हणून फोन ठेवणं मात्र लॅबने थांबवलं पाहिजे, हे तुमचं म्हणणं मी पूर्ण मान्य करते.

खडूफळा

अनेक वर्षं मेडिकलच्या विद्यार्थ्यांना हा विषय शिकवला, आता निवृत्त आहे. मूळ पद्धत हान्स क्रिश्चन ग्राम या डॅनिश डॉक्टरने १८८४ साली बर्लिनमध्ये प्रसिद्ध केली. फ्रीडलेंडर या पॅथॉलॉजिस्टबरोबर तो न्यूमोनियाने दगावलेल्या रुग्णांच्या फुप्फुसाचे छेद तपासत होता. ऊतींतून जंतू वेगळे उठून दिसावेत एवढाच त्याचा हेतू होता. जंतूंचे दोन गट पाडावेत हे त्याच्या मनात नव्हतं. टायफॉइडचे जंतू रंग सोडतात हे त्याच्या लक्षात आलं होतं. गुलाबी सॅफ्रानिनची आजची पायरी नंतरच्यांनी रूढ केली. आणि आपली पद्धत सदोष आणि अपुरी आहे, हे त्याने स्वतःच त्या लेखात नमूद केलं आहे. ज्या पद्धतीच्या जनकाने पहिल्याच दिवशी हे लिहून ठेवलं, तिच्या निकालाला आपण अंतिम शब्द मानतो याचं मला नेहमी आश्चर्य वाटत आलं आहे.

मुलांना मी एक गोष्ट घोकून घ्यायला लावायचो. जंतू बघण्याआधी पांढऱ्या पेशी बघा. त्यांची केंद्रकं गुलाबी-लाल दिसायला हवीत. ती जांभळी असतील तर रंग पुरेसा उतरलेलाच नाही, त्या भागातल्या जंतूंचा रंग वाचूच नका. स्लाइडमध्येच मिळणारा हा फुकटचा कंट्रोल आहे. दुसरा कंट्रोल आपण ठेवायचा: त्याच काचेच्या एका टोकाला स्टॅफिलोकोकस ऑरियस, दुसऱ्या टोकाला ई. कोलाय. एक जांभळा आणि एक गुलाबी आला तरच मधला पेशंटचा नमुना वाचायचा.

आधी दहाच्या लेन्सवर पूर्ण स्लाइड फिरून चांगली जागा निवडायची, मगच तेल टाकायचं. हल्ली थेट तेलात उडी मारतात. दोन ठिकाणी बघून उठतात. दोन प्रकारचे जंतू असलेल्या स्लाइडमध्ये दुसरा प्रकार असाच राहून जातो. जांभळ्या स्टॅफच्या गर्दीत चार फिकट गुलाबी दांड्या कोण शोधणार?

डीएमएलटी_दुसरंवर्ष

सर, मॅडम, नमस्कार. मी विद्यार्थी आहे. दोन शंका आहेत. रंग जास्त उतरला असं वाटलं तर तीच स्लाइड पुन्हा क्रिस्टल व्हायोलेटपासून करता येते का? आणि रात्री शंका आली आणि सीनियर नसेल तर काय करायचं? आम्हाला कॉलेजमध्ये कॉलनीवरून (प्लेटवर वाढलेल्या जंतूंच्या ठिपक्यावरून) ग्राम स्टेन शिकवतात, तिथे सगळं स्वच्छ दिसतं. रक्ताच्या बाटलीची स्लाइड पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला जंतू कुठले आणि कचरा कुठला तेच कळेना.

निळीगुलाबी

@डीएमएलटी_दुसरंवर्ष, शंका अगदी योग्य आहेत. पुन्हा रंगवण्याच्या भानगडीत पडू नकोस, बाटलीतून नवा थेंब घेऊन नवी, पातळ स्लाइड कर. पहिली स्लाइड टाकायची नाही. तेल टिपून, नंबर घालून ठेवून द्यायची. सकाळी तुझ्या सीनियरला दोन्ही दाखव.

बाटली वाजली पण स्लाइडमध्ये काहीच दिसत नाही, असंही होतं. रक्तात पांढऱ्या पेशी प्रचंड असतील, ल्युकेमियात असतात तशा, तर त्यांच्याच श्वसनामुळे मशीन फसतं. अशा वेळी काहीतरी दिसलंच पाहिजे म्हणून गाळातल्या कणांना कोकाय म्हणायचा मोह होतो. जंतू असतील तर आकारात सारखेपणा असतो आणि ते एकाच पातळीत फोकसमध्ये येतात. रंगाचे कण चमकतात, लहान-मोठे असतात आणि फोकस वरखाली केला की वेगळ्या थरात दिसतात. तरीही फिकट, नाजूक जंतू नजरेतून सुटतात, म्हणून सबकल्चर, म्हणजे बाटलीतला थेंब प्लेटवर वाढवणं, करायचंच.

सबकल्चर करताना ब्लड अगारवर थर दिलेल्या जागी व्हॅन्कोमायसिनची पाच मायक्रोग्रॅमची चकती ठेव. सकाळी चकतीभोवती मोकळी जागा असेल तर बहुधा ग्राम पॉझिटिव्ह, चकतीला चिकटून वाढ असेल तर बहुधा ग्राम निगेटिव्ह. गुलाबी दिसणारा बॅसिलस आणि जांभळा दिसणारा ॲसिनेटोबॅक्टर दोघेही इथे पकडले जातात. कॉलनी आली की तीन टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात घोळून बघ. ग्राम निगेटिव्हची भिंत फुटून चिकट तार सुटते, लूप उचलला की दिसते. मिनिटभराचं काम आहे, मशीन लागत नाही.

गोठ्याजवळचा

पशुवैद्य आहे, वर्धा जिल्ह्यात. माझा मुद्दा छोटा आहे पण लॅबच्या माणसांच्या जीवाशी संबंधित आहे. ब्रुसेला. शेळ्या-गाईंमध्ये गर्भपात करणारा हा जंतू माणसात आठवडेच्या आठवडे येणारा-जाणारा ताप देतो. बाटली उशिरा वाजते, आणि स्लाइडमध्ये अगदी बारीक, फिकट, वाळूसारखे दाणे दिसतात. ते कुणी मायक्रोकोकस समजतं, कुणी कचरा. आणि मग उघड्या टेबलावर प्लेटशी खेळ चालतो, वास घेतला जातो. श्वासावाटे तो टेक्निशियनला लागू शकतो. लॅबमधून होणाऱ्या संसर्गांत ब्रुसेलाचं नाव फार वर आहे. पेशंट जनावरांचं बाळंतपण करणारा किंवा कच्चं दूध पिणारा असेल तर ते कल्चरच्या फॉर्मवर लिहा. फॉर्मवर 'ताप' एवढंच लिहिलेलं असतं हो.

निळीगुलाबी

@गोठ्याजवळचा, मनापासून आभार. हे माझ्या मूळ लेखात यायलाच हवं होतं. अशी स्लाइड दिसली की पुढचं सगळं बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये, आणि प्लेटचा वास कधीही घ्यायचा नाही, कुठल्याच प्लेटचा.

बसस्टँडवरून

मी तालुक्याच्या ठिकाणी छोटं कलेक्शन सेंटर चालवतो. बाटल्या संध्याकाळच्या गाडीने नागपूरला जातात. कंपनीच्या पत्रकात 'रूम टेंपरेचरला ठेवा, फ्रिजमध्ये नको' असं लिहिलंय. उन्हाळ्यात आमचं रूम टेंपरेचर चाळीसच्या पुढे असतं. मग काय करावं?

रातपाळीवाला

@बसस्टँडवरून, भाऊ, पुस्तकातलं रूम टेंपरेचर म्हणजे वीस-पंचवीस अंश जी. जाड थर्माकोलच्या डब्यात ठेवा, आत जेल पॅक ठेवाल तं थेट बाटलीले लागू देऊ नका, मधात पुठ्ठा टाका. दोन तासात मशीनमध्ये गेली तं सगळ्यात चांगलं, ते तुमाले जमणार नाई हे मालूम आहे. म्हणून बाटलीवर रक्त घेतल्याची वेळ लिहा, मोठ्या अक्षरात. गर्मीत रस्त्यानंच जंतू वाढून मरून जातात. मशीनले वाढ दिसत नाई, बाटली निगेटिव्ह जाते. न्यूमोकोकसचं तं पहिलेच हे होते. वेळ लिहिली असन तं आमी उशीर झालेल्या बाटलीची स्लाइड मशीनची वाट न पाहता करून पाहतो.

अतिदक्षता

धागा वाचून आमच्या युनिटमध्ये आज बोलणं झालं. कल्चरचा फोन सिस्टर घेतात आणि केस पेपरच्या कडेला लिहितात. सकाळचा दुसरा फोन आला तरी तो त्याच ओळीखाली बारीक अक्षरात जातो आणि राउंडला कुणाच्या नजरेत येत नाही. म्हणजे दुरुस्ती न पोचण्यात आमचाही वाटा आहे. रात्रीचा ग्राम रिपोर्ट आणि सकाळची प्लेट यांच्यासाठी चार्टवर वेगळा रकाना करतोय. सकाळचा रकाना रिकामा असेल तर रेसिडेंटने दहाच्या आत लॅबला फोन करायचा, लॅबच्या फोनची वाट बघायची नाही.

मॅडम, तुमच्याकडून दुरुस्तीच्या फोनमध्ये नेमकं काय सांगितलं जावं असं तुम्हाला वाटतं? तेच शब्द आम्ही रकान्याच्या मथळ्यात घेऊ.

निळीगुलाबी

@अतिदक्षता, सर, दहाची वेळ फार चांगली. आमच्याकडे प्लेटचं पहिलं वाचन त्याआधी होतंच.

फोनवर आधी पेशंटचं नाव, नोंदणी क्रमांक आणि बाटली कोणत्या हाताची की लाइनची. मग जुना निकाल शब्दशः: 'रात्री अमुक वाजता ग्राम पॉझिटिव्ह कोकाय सांगितलं होतं, ते चुकीचं होतं.' 'चुकीचं' हा शब्द उच्चारायचाच. 'अपडेट आहे' म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं जुन्यात भर पडली आहे, आणि जुनं औषध तसंच चालू राहतं. त्यानंतर नवा निकाल. पलीकडच्याने तो पुन्हा म्हणून दाखवायचा. फोन कुणी घेतला त्याचं नाव आणि वेळ आमच्या रजिस्टरमध्ये. हा फोन सिस्टरकडे न देता औषध लिहिणाऱ्या डॉक्टरलाच द्यायचा. तो ओटीत असेल तर तो येईपर्यंत दर थोड्या वेळाने पुन्हा लावायचा.

टेक्निशियनला हा फोन करताना भीती वाटते, कारण पलीकडून ओरडा बसतो. तुमच्या रेसिडेंटना एवढं सांगाल का, की दुरुस्ती सांगणाऱ्यावर ओरडू नका? ज्या ठिकाणी ओरडा बसतो तिथे पुढच्या वेळी रिपोर्ट गुपचूप संगणकातच बदलला जातो.

अतिदक्षता

सांगतो. लेखी देतो. रकान्याचा मथळा 'रात्री काय सांगितलं / सकाळी काय निघालं / कुणी ऐकलं' असा करतोय. छापून आला की इथे टाकतो, @रातपाळीवाला यांनी बघून काही राहिलं असेल तर सांगावं.

रातपाळीवाला

पाहतो जी. एक आतापासूनच सांगून ठेवतो, बाटली किती वाजता वाजली आन्‌ स्लाइड किती वाजता पाहिली, ह्या दोन वेळा बी टाका. न्यूमोकोकस असन तं मधात किती वेळ गेला हे त्याच्यावरूनच समजते.